शिरोलीत मेकॅनिकल घड्याळ वापरताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका जॉबवर शतांश मिलिमीटरसाठी वाद घालणारी माणसं लाखाचं घड्याळ घेताना मात्र नाव आणि डायल बघून मोकळी होतात. घड्याळ हेही मशीनच. मशीनसारखं पारखून घ्यावं, मशीनसारखंच सांभाळावं.

काय करावे

• घड्याळ उलटं करून मागच्या काचेतून आतली यंत्रणा भिंगाने बघावी. आतल्या पट्ट्यांच्या कडा तिरक्या घासून चकाकवलेल्या असतात. अशा दोन कडा आत वळून जिथे मिळतात, तो कोपरा शोधावा. मिलिंगने आतला कोपरा काढला की कटरची गोलाई तिथे राहतेच, हे इथल्या व्हीएमसी ऑपरेटरला सांगायला नको. कोपरा टोकदार दिसला, तर तिथे कारागिराची कानस फिरली आहे. पैसे मोजावेत ते अशा कामासाठी. बऱ्याच महागड्या घड्याळांत हा कोपरा सापडतच नाही. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं.

• वेळेची अपेक्षा माफक ठेवावी. स्विस क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्रालाही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचा फरक चालतो. पाचशे रुपयांचं क्वार्ट्झ याहून अचूक असतं. फक्त वेळच बघायची असेल तर तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

• हात बसवायला आधी एचएमटी घ्यावं. 'जनता'मध्ये १७ ज्वेल, सेकंदाला ५ ठोके. रोज चावी द्यायची आणि घट्ट लागली की थांबायचं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणून आज 'नवंकोरं' म्हणून मिळणारं भडक रंगाचं डायल बहुधा नव्याने रंगवलेलं असतं.

• घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा. केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि ठोके जलद पडतात. होकायंत्र जवळ धरावं. सुई हलली तर घड्याळजीकडून चुंबकत्व उतरवून घ्यावं. काम काही सेकंदांचं. टूलरूमच्या डिमॅग्नेटायझरवर स्वतः प्रयोग नकोत.

काय टाळावे

• लेथवर किंवा ड्रिलवर घड्याळ घालून उभं राहू नये. इथे प्रश्न घड्याळाचा नाही, हाताचा आहे.

• सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, इंडक्शन फर्नेस, क्रॅक तपासायचं चुंबकीय टेबल यांच्याजवळ नेऊ नये. 'अँटिमॅग्नेटिक' या शब्दावर भिस्त ठेवू नये. त्याचं नेहमीचं आयएसओ मानक मीटरला ४,८०० अँपिअरचं, म्हणजे सुमारे ६० गॉसचं. चकच्या पृष्ठभागावर त्याच्या कितीतरी पट जोर असतो. रोलेक्सने १९५६ मध्ये १,००० गॉसचं 'मिलगॉस' काढलं ते अशाच जागी काम करणाऱ्यांसाठी. ओमेगाची काही घड्याळं आता १५,००० गॉस सोसतात.

• पाळी सुटताना अंगावर एअर गन मारायची सवय असेल, तर घड्याळ आधी काढावं. हवेच्या झोताने मोल्डिंगची बारीक वाळू चावीच्या फटीत जाते. पुसायला रॉकेल-थिनरचा बोळाही नको; त्याने रबरी सील खराब होतात.

• फेटलिंगला, म्हणजे ओतलेला जॉब घासून साफ करायला, अँगल ग्राइंडर धरताना घड्याळ घालू नये.

• रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख चावीने बदलू नये. तेव्हा दाते गुंतलेले असतात.

• २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळचा हायवे पाण्याखाली होता. अशा पुरात कपाटातल्या वस्तूही भिजू शकतात. भिजलेलं घड्याळ चालवून बघू नये, उन्हात किंवा तांदळात ठेवू नये. आतलं पोलाद लवकर गंजतं. रस्ता खुला होताच ते घड्याळजीकडे उघडायला द्यावं.