तुझा अंगठा, त्याचा माऊस

मनू, आधी एक सांग. काल तुला ज्यानं सलग मारलं, त्याच्या नावाशेजारी कोणतं चिन्ह होतं ते पाहिलंस का? नाहीच पाहिलं. "ताई, मला येतच नाही, मी तो वॉरझोन गेम उडवूनच टाकते," म्हणून मोकळी झालीस. बाप्पा, किती ती घाई! लॉबीत नावापाशी बारीकसं चिन्ह असतं. समोरचा आपल्यासारखा कन्सोलवर आहे की पीसीवर, ते त्यावरून कळतं. ते बघायची सवय लाव. मग रडायचं की नाही ते ठरवू.

बुटीबोरीत तुला हे सांगणार तरी कोण? तुझ्या कॉलेजातली सगळी पोट्टी मोबाईलवर बीजीएमआय खेळतात, नाहीतर फ्री फायर. बाबा एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून येतात तेव्हा त्यांना भाजी गरम आहे का एवढंच बघायचं असतं. आणि आईच्या लेखी तो पीएस फाइव्ह म्हणजे मी बोनस उधळून आणलेला डबा. तेव्हा मीच सांगते. इथे पुण्यात दिवसभर लोकांची नेटवर्कं दुरुस्त करून राहिली आहे मी, त्याचा घरच्यांना काही उपयोग होऊ दे.

मुद्दा असा की तू आणि तो पीसीवाला एकाच मॅचमध्ये असलात तरी एकाच गोष्टीत खेळत नाही. त्याच्या हातात माऊस आहे. माऊस हाताची जागा मोजतो. हात चार बोटं सरकला की निशाण तेवढंच सरकतं, हात थांबला की तेही थांबतं. आठवडाभर सराव केला की मनगटाला अंतर पाठ होतं. तुझ्या कंट्रोलरची स्टिक जागा मोजतच नाही, ती वेग ठरवते. थोडी ढकलली तर निशाण हळू फिरतं, पूर्ण ढकलली तर जोरात, आणि थांबवायचं असेल तर तुला नेमक्या क्षणी ती मध्यावर आणावी लागते. स्कूटीचा कान पिळून पुढचं चाक बरोबर झेब्राच्या पट्टीवर उभं करण्यासारखं आहे ते. जमतं, पण दरवेळी अंदाज. वर त्या स्टिकला सगळा मिळून अंगठ्याच्या पेराएवढाही प्रवास नाही, आणि त्याच्यापुढे टेबलभर गादी पसरलेली.

हे माझं मत नाही हं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी 1978 मध्ये माऊस, जॉयस्टिक आणि बटणं अशी सगळी साधनं लोकांच्या हातात देऊन पडद्यावरच्या मजकुरावर नेम धरायला लावलं होतं. माऊस सगळ्यात जलद निघाला आणि चुकाही त्याच्याच सगळ्यात कमी. त्यांची जॉयस्टिकही वेग ठरवणारीच होती, तुझ्यासारखी. तेव्हा वॉरझोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता. म्हणजे हा हिशेब तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी लागून गेला आहे.

दुसरं, तुझा उजवा अंगठा. नेम त्याच्याकडे, उडी त्याच्याकडे, खाली बसणं त्याच्याकडे, गोळ्या भरणं त्याच्याकडे. तू उडी मारायला एक्स दाबतेस तेव्हा अंगठा स्टिकवरून उठतो आणि तेवढा वेळ तुझी बंदूक आंधळी असते. पीसीवाल्याचा उजवा हात फक्त नेम धरतो, बाकी सगळं डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर करतात. याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सेटिंग्जमध्ये बटणांचा नकाशा बदल. ‘टॅक्टिकल’ लेआउट घेतलास की उजवी स्टिक आत दाबून खाली बसता येतं. उडी एल वनवर घे, म्हणजे लढताना अंगठा उठतच नाही. पाठीमागे बटणं असलेला सोनीचा महागडा कंट्रोलर 2023 पासून मिळतो खरा, पण तो बाबांना दाखवू नकोस. किंमत ऐकून ते पीएससकट विकायला काढतील.

आता टीव्ही. हॉलमधला टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण 17 मिलिसेकंद. पीसीवाल्याचा 240 हर्ट्झचा मॉनिटर तेवढ्यात चार चित्रं दाखवून मोकळा. शिवाय टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात, रंग खुलवण्यात आणखी वेळ खातो. टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ असतो, तो चालू कर. बाबांच्या बातम्यांचे रंग थोडे फिके पडतील, त्यांना सांगू नकोस.

आणि दिसणं किती? तुझ्या मोबाईलवाल्या पोट्ट्यांना ‘आयपॅड व्ह्यू’ विचार, तावातावानं सांगतील. आयपॅडवर जास्त दिसतं, म्हणून बीजीएमआयमध्ये त्याच्यावरून भांडणं होतात. इथेही तेच. वॉरझोन 2020 च्या मार्चमध्ये आला तेव्हा पीसीवाल्यांना नजरेचा कोन वाढवता यायचा, कन्सोलवाले 80 अंशांवर अडकलेले. कन्सोलला तो सरकता पट्टा 2022 च्या शेवटी मिळाला. म्हणजे अडीच वर्षं कन्सोलवाले घोड्याची झापडं लावून खेळत होते. आता तो पट्टा तुझ्याकडेही आहे, पण तू अजून 80 वरच, हो ना? 100-105 वर ने. फार ताणलास तर लांबचा माणूस मुंगीएवढा दिसेल आणि अंगठ्याला तो सापडणार नाही.

इंटरनेटच्या लाईनीचं मात्र सगळ्यांना सारखं, त्यात कन्सोलवर अन्याय बिन्याय काही नाही. पण आपलं घर नागपूरपाशी आहे, त्याचा थोडा वाटा आहे. झिरो माईलवर उभं राहून देशाच्या मध्यात असल्याचा अभिमान आपण कितीही मिरवला, तरी सर्व्हर नागपुरात नसतात. ते मुंबईत असतात, नाहीतर सिंगापुरात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर 100 किलोमीटरला येऊन-जाऊन 1 मिलिसेकंद. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. तार तेवढीच लांब धरली तर मुंबईला जाऊन यायला 7 मिलिसेकंद पुरतात. सिंगापूर इथून सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर, तिथे 35 पेक्षा कमी होणं शक्यच नाही, आणि तारा कधीच सरळ जात नाहीत. म्हणून मॅच शोधताना पिंग, म्हणजे हाच येण्या-जाण्याचा वेळ, बघ. घरातल्या घरात जे करता येतं ते असं: कूलरच्या पलीकडच्या खोलीत राऊटर आणि इकडे वायफायवर पीएस, हे बंद. लॅनची तार लाव. आणि वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत राऊटर बंद पडून पुन्हा चालू होतो ना, त्यासाठी राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो. उन्हाळ्यात तो लागणारच.

आता तुला न आवडणारी गोष्ट. पीसीवाले जे ओरडतात तेही खोटं नाही. तुझ्या कंट्रोलरला खेळ स्वतः मदत करतो, त्याला एम असिस्ट म्हणतात. निशाण शत्रूवर आलं की स्टिकचा वेग आपोआप कमी होतो, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे तू चालत असताना शत्रू सरकला की बंदूकही थोडी त्याच्याबरोबर वळते. ही मदत डोळ्यांनी बघून मग हलत नाही. माणसाला बघून हात हलवायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, तिला तो लागत नाही. म्हणून एका खोलीत समोरासमोर गाठ पडली तर कित्येकदा कंट्रोलरवालाच जिंकतो. एपेक्स लेजंड्समध्ये तर मोठे मोठे खेळाडू माऊस सोडून कंट्रोलरवर आले, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं पीसीच्या लॉबीतली कंट्रोलरची मदत 25 टक्क्यांनी कमी केली.

मग तू मरतेस कुठे? लांबून. छतावर बसून, मैदान ओलांडताना. तिथे ही मदत जवळजवळ लागूच होत नाही आणि माऊसचं राज्य असतं. माझ्या मते तुझी निम्मी मरणं नेमाची नाहीतच, जागेची आहेत. तू स्नायपरवाल्याशी लांबून हिशेब करायला जातेस, कारण यूट्यूबवर तसं छान दिसतं. नको जाऊस. घरात शिर, जिन्याशी थांब, त्याला तुझ्याकडे यायला लाव.

तुझा तो मित्र म्हणतो ना, दोन-अडीच हजारांचा अ‍ॅडाप्टर घे, माऊस कन्सोलला जोड, कन्सोलला वाटेल कंट्रोलरच आहे? माऊसचा नेम आणि वर कंट्रोलरची मदत, दोन्ही. मनू, ही चोरी आहे, आणि तीही तुझ्यासारख्याच कन्सोलवाल्यांकडून. रेनबो सिक्स सीजवाल्यांनी 2023 मध्ये यावर ‘माऊसट्रॅप’ काढला. असा अ‍ॅडाप्टर सापडला की त्या माणसाला हाकलायचे नाहीत, त्याच्या हाताच्या हालचालीच उशिरा पोचवायचे. मला तो प्रकार भारी आवडला. तुझ्या वॉरझोनचे कॉल ऑफ ड्यूटीवालेही त्याच वर्षी अशा यंत्रांच्या मागे लागले. अकाउंट गेलं तर माझ्याकडे येऊ नकोस.

सगळ्यात सोपं आहे ते म्हणजे आपला घोळका निवडणं. क्रॉसप्ले, म्हणजे पीसीवाले-कन्सोलवाले सगळे एकाच मॅचमध्ये, ही काही देवाची आज्ञा नाही. सोनीनं तर फोर्टनाइटसाठी ते दार 2018 च्या सप्टेंबरमध्ये उघडलं, तेही लोकांनी बोंब मारली तेव्हा. ओव्हरवॉचनं 2021 मध्ये क्रॉसप्ले आणला तेव्हा स्पर्धेच्या मॅचेसमध्ये पीसी आणि कन्सोल वेगळेच ठेवले. हेलोनं रँकमध्ये कंट्रोलरवाल्यांची रांग निराळी केली. व्हॅलोरंट 2024 च्या ऑगस्टमध्ये पीएस फाइव्हवर आला तो पीसीशी गाठच न घालता. आणि पबजी मोबाईलनं तर 2018 मध्येच, कम्प्युटरवर एम्युलेटर लावून खेळणाऱ्यांना आपापसांत खेळा म्हणून बाजूला काढलं होतं. अंगठेवाल्यांत माऊसवाले नकोत, हे आपल्या पोट्ट्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. तूही सेटिंग्जमध्ये क्रॉसप्ले बंद करून बघ. तोटा एकच: आपल्याकडे कन्सोलवाले मोजके, त्यामुळे दुपारी मॅच मिळायला ताटकळावं लागेल. रात्री नऊनंतर खेळ.

आणखी एक, हे फक्त तुला जमेल. पीएसच्या आधी तू मोबाईलवर जायरो लावून खेळायचीस, फोन तिरपा करून नेम धरायचीस, आठवतं? तुझ्या कंट्रोलरमध्ये तोच सेन्सर आहे. फोर्टनाइटनं 2022 मध्ये प्लेस्टेशनवर जायरो चालू केला. मोठा पल्ला स्टिकनं, शेवटचा बारीक फेर मनगटानं. वळणाचा वेग ठरवणाऱ्या स्टिकच्या जोडीला जागा मोजणारं मनगट आलं की माऊसशी अंतर बरंच कमी होतं. अमेरिकेतली पोरं हे नव्यानं शिकून राहिली आहेत, तुझ्या हातात ते आधीपासून आहे. ती सवय गावठी समजून सोडली होतीस तू.

आणि माईकवर ती पोरं जे बोलतात, ते तू आईला सांगितलं नाहीस, मला सांगितलंस, बरं केलंस. मुलीचा आवाज ऐकला की काहींच्या अंगात येतं. म्यूट कर, रिपोर्ट कर, उत्तर देऊ नकोस. अनोळखी लोकांसोबत माईक लावायचाच असं कुठे लिहिलेलं नाही, नकाशावर खूण करायचं बटण त्यासाठीच दिलं आहे. पण खेळ त्यांच्यासाठी सोडायचा नाही. आपल्यापासून फार लांब नाही, छिंदवाड्याजवळच्या उमरानाल्याची पायल धारे मोबाईलवर खेळता खेळता एवढी पुढे गेली की 2024 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान ज्या सात गेमर्सना भेटले त्यांत ती एकटी मुलगी होती. आपला मिथिलेश पाटणकरही होता त्यात. तू पायल व्हावंस असं मी म्हणत नाही, तुझा डिप्लोमा आधी. पण छिंदवाड्याच्या बाजूची पोरगी हे करू शकते, एवढं आईच्या कानावर घालून ठेव, पुढेमागे कामी येईल.

स्टिक आपोआप एका बाजूला ओढते म्हणालीस, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. आतला भाग घासून झिजतो. एमआयडीसीची धूळ आणि तुझे चिवड्याचे हात त्याला मदतच करतात. सध्या सेटिंग्जमधला डेडझोन, म्हणजे स्टिकची किती हालचाल खेळानं सोडून द्यायची तो आकडा, एकेक अंक वाढवत ने, ओढणं थांबलं की तिथेच ठेव. कंट्रोलर उघडून बघायचा नाही, मी पुढच्या आठवड्यात येते तेव्हा बघते. लॅनची तार मी आणते, दहा मीटरची पुरेल ना, हॉलच्या दारावरून घेतली तर? मोजून सांग. आणि खेळताना "मेली मी, मेली!" असं ओरडू नकोस गं, मागच्या खेपेला शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या होत्या.