धूम्रपान सोडताना—पहिले दिवस सोबतीने पार करा

तुम्ही धूम्रपान सोडण्याचा निश्चय केला आहे का? की याआधी केलेला निश्चय दुसऱ्या किंवा तिसऱ्याच दिवशी मोडल्यामुळे आता पुन्हा प्रयत्न करण्यास तुमचे मन धजत नाही? तसे असल्यास निराश होऊ नका. भारतात २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, ७.७ टक्के विडी ओढत होते तर ४ टक्के सिगारेट. त्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ही सवय सोडण्याच्या बेतात होते किंवा निदान तसा विचार करत होते.

मग एवढ्या लोकांची इच्छा असूनही ती फळास का येत नाही? एक कारण असे, की कोणाच्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच पुन्हा ओढू लागतात. यास्तव, वर्षभराची चिंता बाजूला ठेवून पहिले काही दिवस कसे पार करावेत याकडे प्रथम लक्ष देणे सुज्ञपणाचे ठरेल. या काळात एखादा सोबती तुम्हाला कशी मदत करू शकतो? त्याआधी, तुम्हाला कशाला तोंड द्यायचे आहे ते पाहू या.

शरीरात काय घडते?

धुरातील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहंचते आणि क्षणभर बरे वाटते. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते आणि शरीर पुन्हा मागणी करू लागते. दिवसाला २० सिगारेटी ओढणारा मनुष्य प्रत्येक सिगारेटीचे १० झुरके घेतो असे धरले, तर दिवसाचे २०० आणि वर्षाचे ७३,००० झुरके होतात. इतक्या वेळा गिरवलेला धडा मेंदू एका रात्रीत विसरेल अशी अपेक्षा करणे वाजवी आहे का?

म्हणूनच शेवटच्या सिगारेटीनंतर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, उदासी, झोपमोड, वाढलेली भूक आणि कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतात आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातात. तिसऱ्या दिवशी, “याहून ओढत होतो तेच बरे होते,” असे वाटेल. तथापि, चढ जेथे संपतो तेथेच तुम्ही उभे आहात हे विसरू नका.

त्याच वेळी शरीर आपली डागडुजीही करत असते. पहिल्या २० मिनिटांतच हृदयाचे वाढलेले ठोके कमी होऊ लागतात. दिवसभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओसरून सर्वसाधारण पातळीवर येतो. एका वर्षानंतर हृदयरोगाचा वाढीव धोका, धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या तुलनेत, जवळपास निम्मा झालेला असतो.

तलफ ही लाटेप्रमाणे असते

तलफ दिवसभर एकसारखी राहत नाही हे समजून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ती लाटेप्रमाणे उसळते आणि तुम्ही झुरका घेतला नाही तरीही सहसा काही मिनिटांत ओसरते. अर्थात, पहिले तीन दिवस म्हणजे ७२ तासांचे एक सलग युद्ध आहे असे समजण्याची गरज नाही. तो पाच-दहा मिनिटांच्या अनेक प्रसंगांचा क्रम आहे.

पण नेमक्या त्या मिनिटांत आपले मनच आपल्याला फसवते. “फक्त एक, मग पुन्हा नाही.” “आज फार ताण आहे, उद्यापासून सुरू करू.” असे युक्तिवाद तुमच्या मनातही येतात का? हे युक्तिवाद करणारे मन आणि त्यांना उत्तर देणारे मन एकच असते. त्यामुळे निवाडा बहुधा सिगारेटीच्या बाजूने लागतो. अशा वेळी दुसऱ्या एखाद्याचा शांत आवाज हवा असतो.

सोबत्यामुळे खरोखर फरक पडतो का?

होय. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम शहरात १९४८ पासून हृदयरोगाविषयी दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील माहितीचे परीक्षण निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी केले व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडल्यास जोडीदार धूम्रपान करत असण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली होती. मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी. लोक अनेकदा एकेकटे नव्हे, तर गटागटाने ही सवय सोडत होते. तसेच, २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे दिसले, की केवळ पुस्तिकेच्या आधारे प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा गटाच्या कार्यक्रमात सहभागी होणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता दुपटीच्या जवळपास होती.

मदत देणाऱ्यालाही तिचा लाभ होतो. १९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा रहिवासी व्यापाराच्या कामात अपयश आल्यामुळे ॲक्रन शहरातील एका हॉटेलात खिन्न होऊन उभा होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती आणि जवळच्या मद्यालयातील आवाज त्याला खुणावत होते. तेव्हा आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोलता यावे म्हणून त्याने दूरध्वनी करण्यास सुरवात केली. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. परंतु हेही लक्षात घ्या: आयुष्याचा बराच काळ अतिशय धूम्रपान केलेला हाच मनुष्य १९७१ साली फुप्फुसांच्या विकाराने मरण पावला. एका व्यसनातून सुटलेल्यालाही दुसऱ्याकरता स्वतंत्रपणे मदत घ्यावी लागते, हे यावरून दिसत नाही का?

आपल्याकडेही हे तत्त्व परिचयाचे आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या लोकांनी समुपदेशक म्हणून काम केले आहे. त्या वाटेने गेलेल्याच्या शब्दांना निराळेच वजन असते.

दिवस ठरवण्याआधी सोबती ठरवा

तुम्ही कोणाची निवड कराल? ज्याने धूम्रपान सोडून काही काळ लोटला आहे, किंवा जो तुमच्याबरोबर त्याच दिवशी सोडणार आहे, असा मनुष्य उत्तम. तो नातलग, शेजारी, सहकर्मी किंवा मंडळीतील कोणी असू शकेल. शक्य असल्यास दोघे निवडा, म्हणजे एक कामात असला तरी दुसरा उपलब्ध राहील. जो स्वतः अजून ओढतो आणि तुमच्यासमोर पाकीट पुढे करतो तो मित्र कितीही जिवलग असला, तरी या कामाकरता तूर्तास उपयोगाचा नाही.

त्याच्याशी पुढील गोष्टी आधीच स्पष्टपणे बोलून घ्या:

• तलफ आली की ओढण्याआधी मी तुम्हाला फोन करीन, ओढल्यानंतर नव्हे.
• पहिले तीन दिवस सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्याआधी आपण बोलू, मग तलफ असो वा नसो.
• मी फोन केला नाही, तर तुम्ही करा.
• मी चिडून बोललो, तर मनावर घेऊ नका.

घरच्या मंडळींनाही दिवस सांगा. पुढील काही दिवस आवाज चढला, तर त्याचे कारण त्यांना ठाऊक असावे. आदल्या रात्री घरातील विड्या, सिगारेटी, काडेपेट्या आणि रक्षापात्रे काढून टाका. खिशातही काही राहू देऊ नका.

पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस

पहिला दिवस: सकाळचा चहा आणि सिगारेट यांची गाठ पक्की असते. म्हणून चहाची जागा किंवा वेळ बदला. शिवाय, धुरातील काही द्रव्यांमुळे शरीर चहा-कॉफीतील कॅफीन लवकर बाहेर टाकत असते. धूम्रपान थांबले की तेवढ्याच चहातील कॅफीन रक्तात अधिक वेळ टिकते आणि छातीत धडधड, बेचैनी व निद्रानाश वाढू शकतो. म्हणून चहाचे कप निम्मे करणे हिताचे. “विडीशिवाय पोट साफ होत नाही,” अशी अनेकांची तक्रार असते. निकोटिनमुळे आतड्यांना चालना मिळत असल्याने काही दिवस बद्धकोष्ठ जाणवेल. भरपूर पाणी, फळे, पालेभाज्या आणि चालणे यांनी ते दूर होते. त्याकरता मिश्री किंवा तंबाखूचा बार लावणे म्हणजे एका दाराने बाहेर जाऊन दुसऱ्या दाराने आत येणे होय.

दुसरा दिवस: चिडचिड वाढेल. जेथे तुमची मंडळी ओढत उभी राहते ती टपरी टाळा आणि जेवणानंतर सोबत्याबरोबर थोडे चाला. कल्पना करा, की कामावरून परतताना एक तरुण टपरीपाशी थबकतो आणि आपल्या वडीलधाऱ्या सोबत्याला फोन करतो.

“दादा, टपरीसमोर उभा आहे. पाय पुढे टाकवत नाही.”

“फोन केलास हे फार चांगलं केलंस. आता बोलत बोलत चालायला लाग. शेवटची कधी ओढली होतीस?”

“काल रात्री दहाला.”

“म्हणजे वीस तास झाले. ही तुझी कमाई आहे. घर येईपर्यंत मी फोनवर आहे.”

या संभाषणात उपदेश नाही किंवा धाकही नाही. सोबत्याने फक्त ती काही मिनिटे वाटून घेतली, आणि तेवढ्यात लाट ओसरली.

तिसरा दिवस: आज शक्य असल्यास सोबत्याला प्रत्यक्ष भेटा. रक्तातील निकोटिन आता जवळजवळ निघून गेलेले असते. पण सवयीच्या वेळा आणि जागा अद्याप खुणावतात. वाचलेले पैसे मोजून वेगळे ठेवा. रात्री झोपताना स्वतःला पुढील वर्षाचे वचन देऊ नका. उद्या सकाळपर्यंतचे द्या.

तुम्ही सोबती असाल तर

कोणी तुमच्याकडे ही मदत मागितली, तर फोन उचला. आधी ऐका, मग बोला. “एवढीही इच्छाशक्ती नाही का?” असे म्हणू नका, ज्याची परीक्षा चालू आहे त्याला आणखी परीक्षकाची गरज नसते. तासांची मोजदाद ठेवा आणि लहानसहान विजयाबद्दल मनापासून शाबासकी द्या. तसेच, त्याने ओढली की नाही याची चोरून तपासणी करू नका. ज्याला पकडले जाण्याची भीती वाटते तो लपवू लागतो, आणि जो लपवू लागतो तो फोन करणे सोडून देतो.

पाय घसरल्यास काय?

समजा, तिसऱ्या दिवशी तुम्ही एक सिगारेट ओढलीच. अशा वेळी लाज वाटते आणि सोबत्याला तोंड दाखवू नये असे वाटते. खरा धोका येथेच आहे. एका सिगारेटीने झालेली हानी भरून काढता येते. परंतु “आता सर्व संपलेच” या विचाराने उरलेले पाकीटही संपते. म्हणून उरलेल्या सिगारेटी लगेच फेकून द्या आणि त्याच दिवशी फोन करा. कोणती वेळ होती, कोण बरोबर होते, मन कशाने खचले होते हे दोघे मिळून पाहा. पुढच्या वेळी त्या वळणावर काय करायचे ते ठरवता येईल.

सोबतीला औषधाची आणि सल्ल्याची जोड

सोबत घेणे म्हणजे वैद्यकीय मदत नाकारणे नव्हे. ज्याला उठल्याबरोबर अर्ध्या तासाच्या आत ओढावे लागते त्याचे अवलंबित्व बहुधा अधिक असते. त्याला निकोटिनच्या गोळीचा, गमचा किंवा इतर औषधांचा लाभ होऊ शकतो. गम सतत चघळायचा नसतो. तिखट चव आली की तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चव गेल्यावर पुन्हा थोडा चावावा. चहा-कॉफी घेतल्यानंतर लगेच तो घेऊ नये. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि मधुमेह, दमा किंवा मानसिक आजारावर औषधे घेणारे यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण धूम्रपान थांबल्यावर काही औषधांची मात्रा बदलावी लागते. छातीत दुखणे किंवा जीव देण्याचे विचार येणे ही सोसण्याजोगी लक्षणे नव्हेत. विनाविलंब डॉक्टरांकडे जा.

तुमच्याजवळ कोणीच नसेल, तर काय? केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून सिगारेटीच्या पाकिटांवरही छापला जाऊ लागला. ज्या पाकिटाने तुम्हाला बांधले त्याच्यावरच सुटकेची वाट लिहिलेली आहे!

तर मग, आजच एक गोष्ट करा. तारीख ठरवण्याआधी एका मनुष्याचे नाव कागदावर लिहा, त्याच्याकडे जा आणि म्हणा: “मला सिगारेट सोडायची आहे. पहिले तीन दिवस तुम्ही माझ्याबरोबर राहाल का?” कदाचित असा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तोही वाट पाहत असेल.

तुम्ही कसे उत्तर द्याल?

• धूम्रपान सोडल्यानंतर दुसरा व तिसरा दिवस कठीण का असतो?
• तलफ लाटेप्रमाणे असते हे ठाऊक असल्याने कशी मदत होते?
• सोबत्याशी कोणत्या गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात?
• पाय घसरल्यास त्याच दिवशी काय केले पाहिजे?