कापलेल्या कडा

‘नीट ठेव हं बाबा,’ एवढंच आजी म्हणाल्या होत्या. त्यांच्या ट्रंकेतून ‘बालबोधमेव्या’चे अकरा सुटे अंक त्यांनी माझ्या हातात दिले, पैसे घेतले नाहीत. ते नीट ठेवायला गेलो आणि तिथेच घात केला.

हे मासिक काय होतं, ते आधी सांगतो. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये आमच्या अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, त्याच मिशनने १८७० च्या दशकात मुलांसाठी हे सचित्र मासिक काढलं. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ चं. हे त्यांच्याही आधीचं. पुढे ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनीही त्याचं संपादन केलं. मुलांच्या हातचे कागद टिकत नाहीत. मुलं चित्रं कापतात, रंगवतात, मासिक उशाशी घेऊन झोपतात. म्हणून मोठ्यांचे ग्रंथ मिळतात, मुलांचे मिळत नाहीत.

मी पहिली चूक घरीच केली. फाटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावली. चार पावसाळ्यांत ती पिवळी पडून सुटली. डिंक मात्र कागदात मुरला आणि अक्षरांवर तपकिरी पट्टे उमटले. ते आता निघत नाहीत.

दुसरी चूक त्याहून मोठी. सगळे अंक एका बाईंडरकडे दिले. त्याला काहीच सांगितलं नाही, ‘छान बांधून द्या’ म्हटलं. त्याने रोजच्यासारखंच काम केलं: मुखपृष्ठं फाडून काढली, तिन्ही कडा कटिंग मशीनखाली सरळ केल्या, मोरचूद घातलेल्या खळीने पुठ्ठे चिकटवले. बांधणी खरोखर सुबक होती. पण महिना, वर्ष, किंमत, छापखाना, सगळं त्या मुखपृष्ठांवर होतं. दोन चित्रांखालच्या बारीक अक्षरांतली नावं कडेबरोबर गेली. आणि एका अंकाच्या समासात आजींच्या वडिलांनी लहानपणी शाईने काढलेला बैल होता. संध्याकाळी धावत दुकानात गेलो, तोवर कात्रण रद्दीच्या पोत्यात जाऊन पोतं उचललंही गेलं होतं. आजींना हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

म्हणून तुमच्या घरी असं काही निघालं, तर पहिल्या दिवशी काहीही करू नका. फक्त मोबाईलवर फोटो काढा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोरी पानंसुद्धा. मग पानं मोजा. विकत घेत असाल तर हे दुकानातच करा, कारण मधलं चित्राचं पान कुणीतरी कापून नेलेलं असतं आणि बाहेरून ते कळत नाही. वर्ष शकात असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९. अंक कुणाचा, कुठल्या गावचा, कुणी वाचला, हे देणाऱ्याला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. पुस्तकावर नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

कसर लागली असेल तर डांबरगोळ्या टाकून भागत नाही. अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदाला पाणी सुटतं. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची साधी खळ, मोरचूद न घालता; ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते. लॅमिनेशन कधीच नको. सुटे अंक सुटेच राहू द्या, आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

आजी गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याकडून तो बैल आठवणीने पुन्हा काढून घेतला. शिंगं कुठल्या बाजूला वळलेली होती, त्यांना नक्की आठवत होतं. तो कागद आता त्या खंडाशेजारी वेगळ्या पाकिटात आहे.