घरात बोलायला वेळ काढू या

दिवसभर आपण किती बोलतो! पारावर बोलतो, बाजारात बोलतो, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशीही बोलतो. पण घरात काय बोलतो? "जेवण झालं का?" "गुरांना पाणी दावलं का?" "दार लावून घे." ही कामाची बोलणी झाली. ती हवीतच. पण तेवढ्याने एकमेकांचे मन कळत नाही.

लहानपणी आपण आईला सगळे सांगत होतो. मोठे झालो, संसाराला लागलो, आणि बोलणे आटले. दिवसा शेत असते, मजुरी असते. रात्री पाठ टेकली की डोळा लागतो. आपण म्हणतो, "बोलू की सवडीनं." पण सवड आपोआप मिळत नाही. ती काढावी लागते.

न बोलल्याने काय होते? एक घर डोळ्यांपुढे आणा. बापाने सोसायटीचे पीककर्ज काढले. पावसाने दगा दिला, सोयाबीन हातचे गेले. घराला घोर नको, म्हणून बाप गप्प राहिला. मुलाला रोज तालुक्याला कामाला जायचे होते. त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पुढे सोसायटीची नोटीस आली, गाडीचा हप्ताही थकला. मुलगा म्हणाला, "आबा, आधी सांगितलं असतं तर मी गाडी घेतली नसती." बाप म्हणाला, "अरे, पण तू घरात बसतोस कधी?" दोघांनीही घराचेच भले पाहिले होते. पण एकमेकांना विचारले नव्हते.

म्हातारी माणसे तर आपले दुखणे सांगतच नाहीत. सासूला कमी दिसते. ती म्हणते, "वयच झालं आता." तो मोतीबिंदू असू शकतो. शस्त्रक्रियेने मोतीबिंदू काढता येतो आणि बहुतेकांना पुन्हा चांगले दिसू लागते. पण जवळ बसून विचारल्याशिवाय हे कळणार कसे?

मग वेळ कसा काढावा? रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र करावे. पुष्कळ घरांत आधी पुरुष जेवतात, मागून बायका. मग जिच्या हाती घरातल्या मीठ-मिरचीचा हिशेब, तीच बोलण्यातून बाहेर राहते. म्हणून भाकऱ्या आधी करून ठेवाव्या आणि सर्वांनी मिळून बसावे. टीव्ही बंद करावा. मोबाइल कोनाड्यात ठेवावा. अर्धा तास पुरे. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. लेकीला आणि सुनेलाही विचारावे. मात्र चुका काढायला बसू नये. नाहीतर उद्या कोणी बसणार नाही.

महिन्यातून एकदा पैशाअडक्याचे बोलावे. सातबारा कुठे आहे? पासबुक आणि विम्याचा कागद कुठे आहे? कोणाचे किती देणे आहे? हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक हवे. कर्ता माणूस एकाएकी गेला, तर मागे राहिलेल्या बाईला एकेका कागदासाठी हेलपाटे घालावे लागतात.

घरचे माणूस दूर असेल तर? ऊसतोडीला गेलेली माणसे कित्येक महिने गावाबाहेर असतात. त्यांच्याशी फोनवर बोलावे. पैसे पोचले का, एवढेच विचारून फोन ठेवू नये. आता आपल्याला लिहिता येते, तर चार ओळींचे पत्रही लिहावे. सावित्रीबाई फुले लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. भाऊ आपली किती काळजी घेतो, ते कळवले. त्याच भावाशी आपल्या कामावरून वाद झाला, तेही कळवले. गोड तेवढेच सांगितले असे नाही. जे मनात होते ते सांगितले.

आपणही तसेच करू या. आज रात्री जेवताना घरातल्या एकाला विचारू या, "तुझ्या मनात काय आहे?" आणि उत्तर पुरते ऐकू या.

विचार करा :
१. बाप आणि मुलगा आधी बोलले असते, तर काय टळले असते?
२. आपल्या घरात कोणाचे म्हणणे विचारायचे राहून जाते?
३. दूर असलेल्या आपल्या माणसाला चार ओळींचे पत्र लिहा.