पऱ्हाटीतून जैवकोळसा : कोरडवाहू जमिनीचे नवे बळ

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड, फुलंब्री, पैठण, गंगापूर या तालुक्यांत बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग दिसू लागतात. काही पऱ्हाटी सरपणासाठी घरी जाते. उरलेली बहुधा जागच्या जागी पेटवून दिली जाते. हेक्टरी साधारणतः २ ते ३ टन निघणारा हा काडीकचरा काही तासांत भस्म होतो. त्यातील कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातात आणि ज्या जमिनीने पीक पोसले, तिच्या वाट्याला केवळ राख येते. मराठवाड्यातील कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण मुळातच कमी आहे. तेव्हा ही नासाडी परवडणारी नाही. ती टाळण्याचा एक मार्ग म्हणजे पऱ्हाटीपासून जैवकोळसा, अर्थात बायोचार तयार करणे.

जैवकोळसा म्हणजे काय?

काडीकचरा मोकळ्या हवेत पूर्ण जळू दिला तर त्याची राख होते. तोच सुमारे ३५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानात, पुरेशी हवा न देता भाजला तर त्याचा सच्छिद्र कोळसा बनतो. मूळ पदार्थातील जवळजवळ निम्मा कर्ब त्यात टिकून राहतो. शेणखतातील कर्ब आपल्या उष्ण हवामानात काही वर्षांतच विघटित होतो. जैवकोळशातील कर्ब मात्र जमिनीत दीर्घकाळ राहतो. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन रहिवाशांच्या वस्त्यांभोवती आढळणारी कोळसामिश्रित काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे, हे याचे ठळक उदाहरण होय.

भाताच्या प्रदेशात यासाठी तूस व पेंढा वापरता येतो. एक टन साळीमागे सुमारे २०० किलो तूस निघते. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील भातगिरण्यांपाशी त्याचे ढीगच्या ढीग असतात. मराठवाड्यात भात थोडा. येथील तूस म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या आणि मक्याची बुरकुंडे.

तयार करण्याची रीत

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शंकूच्या आकाराचा खड्डा. तोंडाशी सुमारे ५ फूट रुंद व मध्यभागी अडीच ते तीन फूट खोल खड्डा पुरेसा होतो. तो गंजी, गोठा व झाडे यांपासून दूर असावा. पऱ्हाटी चांगली वाळलेली असावी. ओली पऱ्हाटी धूर फार करते. तळाशी थोडी पऱ्हाटी रचून ती वरून पेटवावी. तिच्यावर पांढरी राख दिसू लागताच पुढचा पातळ थर टाकावा. वरची ज्योत हवा वापरून घेते, त्यामुळे खालचा थर राख न होता कोळसा होतो. अशा रीतीने खड्डा भरत आणावा आणि शेवटी भरपूर पाणी ओतून विझवावा. पाण्याची टंचाई असेल तेथे ओलसर मातीने झाकून तो हवाबंद करावा व पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. जोराच्या वाऱ्यात हे काम करू नये.

हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी पिंपाची सुटसुटीत भट्टीही विकसित केली आहे. खड्ड्याच्या रीतीने १०० किलो वाळलेल्या पऱ्हाटीपासून साधारणतः २० ते २५ किलो कोळसा मिळतो.

आधी मुरवा, मग वापरा

ताजा कोळसा तसाच शेतात टाकणे इष्ट नव्हे. त्याची छिद्रे रिकामी असल्याने तो प्रथम जमिनीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून कोळसा ओलसर असतानाच बारीक करावा. कोरडी भुकटी छातीत जाते. नंतर तो शेणखत किंवा कंपोस्टमध्ये मिसळून, गोमूत्र व पाण्याने ओला करून दोन-तीन आठवडे मुरवावा.

कोणत्या जमिनीला लाभ?

येथे विवेक हवा. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीत जैवकोळशामुळे आम्लता कमी होते. मराठवाड्यातील काळी जमीन आधीच विम्लधर्मी आहे आणि कोळसाही विम्लधर्मी असतो. शिवाय भारी काळी माती स्वतःच पाणी धरून ठेवते. म्हणून तेथे मोठ्या लाभाची अपेक्षा धरू नये. खरा उपयोग आहे तो हलक्या, मुरमाड जमिनीत. जेथे वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही खंड देऊन पडतो, तेथे मुळांपाशी चार दिवस अधिक ओल टिकणे म्हणजे पीक तगणे.

२ टन पऱ्हाटीपासून ४ ते ५ क्विंटलच कोळसा निघतो. तो सबंध शेतात विखुरण्यापेक्षा मोसंबी, डाळिंब यांच्या आळ्यांत किंवा पिकाच्या ओळीत खतासोबत द्यावा. कोळसा हे खत नव्हे. खत व पाणी धरून ठेवणारे ते भांडार आहे. शेणखताची जागा तो घेऊ शकत नाही.

बोंडअळीलाही आळा

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी दडून राहते व पुढील हंगामात पुन्हा उद्भवते. म्हणून फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर काढून तिचा कोळसा केल्यास किडीचा हा आसरा नाहीसा होतो. मात्र ज्या घरी चूल पऱ्हाटीवरच पेटते, तेथे सरपणाची गरज आधी भागवावी. गृहिणीच्या डोईवर नवा भार टाकून जमीन सुधारणे योग्य ठरणार नाही.

शेतकरी बंधूंनी आरंभी माती तपासून घ्यावी आणि दोन-चार गुंठ्यांतच प्रयोग करावा. शेजारी तेवढीच जागा कोळशाविना ठेवून ओल, वाढ व उत्पन्न यांची नोंद करावी. कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी अधिकारी तसेच परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याकडून मार्गदर्शन घेता येईल. खर्च फारसा नाही. हवे आहेत ते थोडे श्रम व चिकाटी. आज बांधावर धूर होऊन विरणारी संपत्ती आपल्याच मातीत साठविणे हे प्रत्येकाच्या आवाक्यातील काम आहे.