नवा ब्राउझर उतरवण्याआधी

नाशिक

चि. सानिका,


तुझा निरोप मिळाला. ऑफिसातली मुलं दर महिन्याला नवा ब्राउझर वापरून बघतात, मग कॉमेट बरा की ॲटलास, असं विचारलं आहेस. मत देतो, पण ‘हा घे, तो सोड’ अशा एका ओळीत देणार नाही. तुला या धंद्यात बरीच वर्षं काढायची आहेत आणि तू लिहिलेल्या नावांपैकी काही नावं तुझ्या पहिल्या बढतीपर्यंतही टिकायची नाहीत.

ब्राउझरचं रंगरूप मागाहून बघ, आधी खालचं इंजिन विचार. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि तुझे कॉमेट, ॲटलाससुद्धा क्रोमियमवर उभे आहेत. म्हणजे पान काढणारं इंजिन सगळ्यांचं एकच, ब्लिंक. ऑपेराने 2013 साली स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही 2020 पासून एज क्रोमियमवरच चालवला. आता मुख्य इंजिनं तीनच उरली : गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातलं ब्लिंकही 2013 मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेलं, म्हणजे तशी दोन घराणीच. तुझ्या मित्रांनी बदललं ते बरंचसं वरचं कव्हर आहे.

‘बिघडलं कुठे?’ म्हणशील. एकाच ब्राउझरची सद्दी असते तेव्हा काय होतं ते मराठीने चांगलं भोगलंय, आणि तुझ्या वयाच्या मुलांना ते कोणी सांगत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला 2001 मध्ये, सातवा आला थेट 2006 मध्ये. शर्यतीत कोणी नव्हतं, मग घाई कशाला? त्याच सुमाराला मराठी मजकूर वेबवर चढत होता. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्टही आला होता, पण एक्सपीवर देवनागरी नीट दिसायची तर सीडी घालून वेगळी सोय चालू करावी लागे. वाचकाला ही खटपट कोण सांगणार? त्यामुळे अनेक मराठी संकेतस्थळांनी आपापले फॉन्ट बनवून घेतले आणि एक्सप्लोररला तेवढे समजतील अशा फाइलींतून ते पानाबरोबर पाठवले. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा, कारण पानाच्या मजकुरात ‘क’ नव्हताच. फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चं नुसतं चित्र बसवलेलं होतं. अर्थात शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नसे.

असल्या फॉन्टमधले एका मासिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणायचं काम मी केलंय. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे प्रत्येकाचा तक्ता निराळा. त्यातही अक्षरामागून अक्षर बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी क-च्या आधी असायची, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती क-नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. शेवटी मुद्रितशोधकाने ओळ न् ओळ वाचली तेव्हा ते अंक हाती लागले. ज्याच्यामागे असं कोणी बसलं नाही, तो मजकूर गेल्यातच जमा. आणि त्या काळी ते फॉन्ट आधुनिकच समजले जात होते.

म्हणून नव्या साधनाला माझा पहिला प्रश्न एकच असतो : हे उद्या बंद पडलं तर माझं काय काय परत मिळेल? आर्क ब्राउझर आठवतो? त्याच्या उभ्या टॅबांवर लोक फिदा होते आणि काम खरंच देखणं होतं. पुढे कंपनीने त्यात नवं काही घालणं थांबवलं, डिया नावाचा दुसरा ब्राउझर हाती घेतला आणि 2025 मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने ती कंपनीच 61 कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. फीड वाचायचा गूगल रीडर 2013 मध्ये बंद झाला तेव्हा मात्र लोकांनी आपल्या फीडची यादी एका फाइलीत उतरवून घेतली आणि दुसरीकडे चालू केली, कारण त्या यादीचा साचा सर्वांना खुला होता. साधन गेलं, काम राहिलं.

कॉमेट, ॲटलाससारख्या, पान वाचून तुझ्या वतीने बटणं दाबणाऱ्या एआय ब्राउझरांबद्दल माझं मत कडक आहे. पानावरचा मजकूर आणि तुझी आज्ञा यांतला फरक त्यांना खात्रीने कळत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या मजकुरात कोणी सूचना लपवली तर ते ती पाळू शकतात. ब्रेव्हच्या लोकांनी 2025 मध्ये कॉमेटबाबत हे करून दाखवलं होतं. संदर्भ शोधायला, लांबलचक कागदपत्रं चाळायला खुशाल वापर. पण ज्या ब्राउझरमध्ये बँक, ऑफिसची मेल आणि क्लायंटच्या सर्व्हरची दारं उघडी आहेत, तिथे हा पाहुणा नको.

आणि कोणतंही नवं साधन आलं की त्याला आधी मराठी दाखव. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘क्षितिज’ एवढे शब्द टाकले की बरंच कळतं. डिझाइनवाले शीर्षकात अक्षरांमधलं अंतर हौसेने वाढवतात. इंग्रजीत ते खपतं, मराठीत शिरोरेषाच तुटते. ‘मराठी’ची लांबी जावास्क्रिप्टला विचार, पाच सांगेल. वाचणारा तीन मोजतो. मजकूर मध्येच कापणारी सोय या हिशोबाने लिहिली तर वेलांटीला अक्षरापासून वेगळं करून मोकळी होते. अक्षरं वाचकासारखी मोजायची सोय ब्राउझरांत आता आहे, फायरफॉक्समध्ये ती 2024 ला आली. तयार कोड लिहून देणारी साधनं ती आपण होऊन वापरतीलच असं नाही. सांगावं लागतं.

नवं काही शिकूच नकोस, असं मी म्हणत नाही. सीएसएसमधलं ग्रिड 2017 मध्ये फायरफॉक्स, क्रोम, सफारी तिघांत आलं त्याच महिन्यात मी ते हाती घेतलं, कारण ते एका कंपनीचं नव्हतं. जे तिन्ही इंजिनांत चालतं ते डोळे मिटून शिक. एकाच इंजिनात चालतं त्याच्याशी खेळ, पण क्लायंटच्या कामात घालू नकोस.

तुझ्या लॅपटॉपवर फायरफॉक्स नाही, हे मागच्या वेळी पाहिलं होतं. आज रात्री उतरवून घे, आणि परवा जे पान लोकांपुढे जाणार आहे ते आधी त्यात आणि मग तुझ्या आईच्या फोनवर उघडून बघ. काय मोडतं ते मला कळव.

तुझा
सुधीरमामा