मुंबई–दिल्ली विमानमार्ग : अंतर व वेळ यांचा एक पाठ

इयत्ता : पाचवी ते सातवी
विषय : भूगोल व गणित यांचा समवाय
साहित्य : भारताचा प्रमाणबद्ध नकाशा, पृथ्वीगोल, दोरा, मोजपट्टी

हेतू : अंतराला वेगाने भागले असता वेळ मिळतो, हे सूत्र मुलांना तोंडपाठ असते. परंतु आलेले उत्तर व्यवहाराशी ताडून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. ती सवय लावणे हा या पाठाचा हेतू होय.

१. अंतर : प्रथम नकाशावर मुंबई व दिल्ली यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा व प्रमाणावरून अंतर काढण्यास सांगावे. ते सुमारे १,१४० किलोमीटर येईल. त्यानंतर रतलाममार्गे जाणाऱ्या लोहमार्गाचे अंतर सांगावे. ते सुमारे १,३८४ किलोमीटर आहे. हा फरक का पडतो, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. लोहमार्ग सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा अशी गावे घेत, डोंगर टाळीत व नद्यांवरील सोयीच्या जागा शोधीत जातो. विमानास असे अडथळे नसतात.

२. वेळ : विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून मुलांना गणित सोडवू द्यावे. उत्तर सुमारे १ तास २५ मिनिटे येते. वेळापत्रकात मात्र या प्रवासास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला आढळतो. मग गणित चुकले काय ?

येथे मुलांच्या परिचयाची एस. टी. आठवावी. गाडी स्थानकातून हळू निघते, थांब्यांवर थांबते, घाटात मंदावते. विमानाचेही तसेच आहे. वेळापत्रकातील काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, सुमारे दहा किलोमीटर उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे व गर्दी असल्यास आपल्या पाळीची वाट पाहणे, हे सर्व त्यात येते. शिवाय विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनीच जातात व ते अगदी सरळ नसतात. आता उलट गणित द्यावे : १,१४० किलोमीटरला सव्वादोन तास, तर सरासरी वेग किती ? उत्तर ताशी सुमारे ५०७ किलोमीटर.

३. पृथ्वीगोल : लांबच्या प्रवासात सपाट नकाशा फसवतो. नकाशावर दिल्लीहून न्यूयॉर्ककडे काढलेली रेघ पश्चिमेस भूमध्य समुद्राच्या बाजूने जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला असता तो उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडून जातो. पृथ्वी गोल असल्याने हाच जवळचा मार्ग, सुमारे ११,७५० किलोमीटरचा.

स्वाध्याय :
(१) आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंतचे सरळ अंतर व रस्त्याचे अंतर यांची तुलना करा.
(२) एस. टी.च्या वेळापत्रकावरून गाडीचा सरासरी वेग काढा.
(३) मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून लंडनला जाण्यास अधिक वेळ लागेल, की परत येण्यास ? कारण लिहा.

शिक्षकांस सूचना : १ तास २५ मिनिटे हे उत्तर चूक म्हणून खोडू नये. वेग आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच राहिला तर तेच उत्तर खरे. तो सारखा का राहत नाही, असे ज्या मुलाने आपण होऊन विचारले, त्याला पाठ समजला असे मानावे.